मार्क तीनची चांदणी

वार्षिकांकासाठी विषय कळवायला गेले तेव्हा संपादक मंडळातल्या मैत्रिणीने वहीत ‘बंदूक’ असे लिहून घेतले आणि विचारले, “कविता ना?” मी म्हटले, “नाही, लेख. आणि बंदूक म्हणजे बंदूकच. तिचे स्क्रू, तिच्या पट्ट्या, खोबणी आणि शिक्के.” तिने पेन खाली ठेवले. कला शाखेच्या मुलीने, तेही इतिहास घेतलेल्या मुलीने, फार तर झाशीच्या राणीवर किंवा आपल्या गावच्या पावसाळ्यावर लिहावे अशी आपल्याकडे एक अलिखित वहिवाट आहे. वाचकहो, ती वहिवाट मोडण्याचा माझा काही हेतू नाही. पण गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात जे बसले आहे ते पाऊस नव्हे. ते एका जुन्या रायफलीवरचे बोटभर जागेतले कोरीव काम आहे, आणि ज्यांनी ते मला वाचायला शिकवले त्यांचे डोळे आता त्यांना साथ देईनासे झाले आहेत. म्हणून हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमचे गाव बिरसी. गोंदियापासून बारा-एक किलोमीटर, कामठ्याजवळ. धानाच्या बांध्या, कवेलूची घरे, आणि त्यांच्या कुशीला एक लांबच लांब धावपट्टी. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. रोवणीच्या दिवसांत कमरेतून वाकून परे लावणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालतात आणि कोणी मान वर करून पाहतही नाही, इतकी ती आमच्या अंगवळणी पडली आहेत. माझे मामाजी याच गावात राहतात. पोलीस खात्यात ते आर्मोरर होते. शिपाई बंदूक चालवतो, आर्मोरर तिची दुरुस्ती करतो. त्यामुळे तीस वर्षे नोकरी करूनही मामाजींच्या पदरी पराक्रमाची एकही गोष्ट नाही. त्यांच्या साऱ्या गोष्टी स्प्रिंगांच्या आणि स्क्रूंच्या.

पहिल्या वर्षाला मी एन.सी.सी.त नाव घातले. कवायतीसाठी आम्हाला डी.पी. रायफली मिळतात. डी.पी. म्हणजे ‘ड्रिल पर्पज’. एके काळी खऱ्या असलेल्या, पण आता नळीला भोक पाडून कायमच्या मुक्या केलेल्या. पहिल्या परेडनंतर खांदा सुजवून घरी आले. आईने हळद लावली. मामाजी छपरीत बसले होते. त्यांनी खांद्याची चौकशी केली नाही. म्हणाले, “मले सांग, साल कोणतं होतं तिच्यावर? अन् चांदणी होती का?”

मला बंदुकीवर साल असते हेच ठाऊक नव्हते.

ही रायफल म्हणजे आपली सर्वपरिचित थ्री-नॉट-थ्री. नळीचे तोंड इंचाच्या तीनशे तीन हजारांश रुंद, म्हणून तिचे हे नाव. तिचे खरे नाव ली-एनफिल्ड. ली हा मूळ स्कॉटलंडचा, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. तिचा बोल्ट आणि दहा गोळ्यांचे मॅगझिन ही त्याची कल्पना. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचे कारखान्याचे गाव. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे गाव दुसऱ्या एका कारणाने पाठ असते: १८५७ च्या चरबीच्या काडतुसांची बंदूकही एनफिल्डच होती. आमच्या हातातली रायफल मात्र पुढची. आखूड नळीची पहिली जात १९०२ सालची, आणि आपण सगळीकडे पाहतो ती ‘मार्क तीन’ १९०७ सालची. वजन चार किलोच्या आसपास. हा आकडा पुस्तकातला. खांद्याला तो दहा किलोचा वाटतो.

मामाजींनी वाचायला शिकवले ते असे. बोल्टची मूठ जिथे खाली येते तिथे, दस्त्याच्या मुळाशी, एक रुंद लोखंडी कडे असते. त्याच्या उजव्या अंगावर वरपासून खालपर्यंत अक्षरे ठोकलेली असतात. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, त्याखाली कारखान्याचे नाव, मग साल, आणि शेवटी मार्क. आम्ही वर्गात ताम्रपट शिकतो तेव्हा सर सांगतात, आधी राजमुद्रा पाहा, मग काळ पाहा, मग दान कोणी कोणाला दिले ते पाहा. हा क्रम मला वर्गाबाहेर पहिल्यांदा सापडला तो कवायतीच्या बंदुकीवर.

बंगालमध्ये, कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी इशापूर आहे. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रायफलींचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडात झालेल्या रायफलीवर मुकुटाखाली ‘जी. आर.’ अशी दोन अक्षरे, म्हणजे राजा जॉर्ज. इशापूरच्या रायफलीवर मात्र तीन: ‘जी. आर. आय.’ हा शेवटचा ‘आय’ इम्पेरेटरचा, सम्राटाचा. आपल्या घरी तो नुसता राजा. सम्राट झाला तो आपल्या जिवावर, आणि ही गोष्ट लोखंडावर इतक्या सरळपणे कबूल केलेली पाहून मला हसू आले. १९४८ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या राजाने हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा किताब अधिकृतपणे सोडला. पुढे इशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बंदूक तीच, साचे तेच, लोखंड घासणारे हातही बहुधा तेच.

आता चांदणी. मार्कच्या रोमन तीन उभ्या दांड्यांपुढे कधी कधी एक बारीकशी चांदणी असते. छापखान्यात तळटीप दाखवायला वापरतात तशी. तिचा अर्थ कळायला १९०७ पासून १९१६ पर्यंतच्या नऊ वर्षांतून जावे लागते.

मार्क तीन बनली तेव्हा सेनाधिकाऱ्यांच्या मनात एक धास्ती होती. शिपायाच्या हाती दहा गोळ्यांचे मॅगझिन दिले तर तो घाबरून त्या भराभर उडवून टाकील. म्हणून मॅगझिनच्या वर, उजव्या अंगाला, एक सपाट पोलादी पट्टी बसवली होती. तिला ‘कट-ऑफ’ म्हणतात. पट्टी आत ढकलली की मॅगझिन झाकले जाते. मग शिपायाने एकेक गोळी हाताने घालून झाडायची. दहा गोळ्या खाली राखीव. साहेबाचा हुकूम झाला की पट्टी बाहेर ओढायची. दुसरी गंमत डाव्या अंगाला. तिथे एक तबकडी आणि काटा असे. दोन हजार वारांच्याही पलीकडे, जिथे माणूस डोळ्याला धड दिसतही नाही अशा अंतरावर, साऱ्या पलटणीने एका हुकमाने गोळ्यांचा वर्षाव करावा म्हणून. ज्यांनी हे भाग योजले त्यांच्या मनातले युद्ध मोकळ्या मैदानातले होते.

मग १९१४ चे युद्ध आले आणि माणसे खंदकात उतरली. शत्रू समोर शंभर-दोनशे वारांवर चिखलात बसलेला. तिथे तबकडी काय कामाची? आणि एकेक गोळी भरत बसायला वेळ कोणाला? शिवाय रायफली हव्या होत्या लाखांनी, आणि प्रत्येक जादा भाग म्हणजे कारागिराचे जादा तास. १९१६ च्या जानेवारीत ठरले: कट-ऑफ नको, तबकडी नको, नेम डावी-उजवीकडे सरकवायचा बारीक स्क्रू नको, दस्त्यावर पलटणीचे नाव कोरण्याची पितळी चकतीही नको. जी रायफल एवढे सारे टाकून बाहेर पडली तिच्या मार्कपुढे चांदणी. अंगावरचे दागिने उतरवल्याची खूण म्हणजे चांदणी, ही मला मौज वाटते. सहसा चांदणी लावतात ती काही मिळवल्याबद्दल.

बोल्टच्या शेपटाला एक बोंडी असते, जी धरून घोडा मागे ओढता येतो. तीही अशीच बदलली. आधी ती गोल, नक्षीदार खरबरीत, सोनाराने केल्यासारखी. मग चपटी, दोन्ही बाजूंना नुसत्या उभ्या रेघा. गोल घडवायला वेळ लागतो, चपटी यंत्राच्या दोन फटक्यांत होते. मामाजी डोळे मिटून या बोंडीवरून अंगठा फिरवत आणि सांगत, “ही निवांत दिवसांतली,” किंवा “ही घाईतली.” पण लगेच बजावत, “बोंडीवर भरवसा नोको ठेवू. बोंडी बदलते.” जुन्या फौजी रायफलीचे असे आहे की ती दर काही वर्षांनी डेपोत जाते, सारी खोलली जाते, आणि परत येताना दुसऱ्याच कोणाची तरी शेपटी लावून येते. एनफिल्डच्या लहान भागांवर ‘ई’ असे, बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.च्या भागांवर ‘बी’. इशापूरच्या धडावर हे दोन्ही गुण्यागोविंदाने नांदताना मी पाहिले आहेत. हिंदुस्थानात दुरुस्त झालेल्या पुष्कळ रायफलींच्या लाकडात एक आडवा स्क्रू आरपार घातलेला असतो, लाकूड उकलू नये म्हणून. तो दिसला की समजावे, ही बाई सासरी नांदून आली आहे. म्हणून मामाजींचा नियम असा: सुटणाऱ्या भागावरून काही ठरवायचे नाही, धडावर काय कोरले आहे आणि धडात काय कापले आहे ते पाहायचे. कोरलेले एक वेळ खोडता येते. कापलेले भरून काढता येत नाही.

या नियमावर एका माणसाची नोकरी वाचली. ती हकीकत मामाजी फारशी सांगत नाहीत. मला ती मामीकडून अर्धी आणि त्यांच्याकडून अर्धी अशी मिळाली. १९८० नंतरची गोष्ट. जिल्हा कोणता ते मी लिहीत नाही. जंगलपट्टीतल्या एका चौकीच्या रायफली तपासणीसाठी मुख्यालयात आल्या. तपासणी करणाऱ्या साहेबांच्या हातात भागांची यादी होती. मार्क तीन: बोल्ट, मॅगझिन, कट-ऑफ, अशी ती यादी. एकेक रायफल समोर येई, साहेब टिकमार्क करीत. एका रायफलीला कट-ऑफ नव्हती. रजिस्टर काढले, रजिस्टरात स्वच्छ अक्षरात ‘मार्क तीन’ लिहिलेले. म्हणजे भाग गहाळ. रायफल ज्याच्या नावावर त्या शिपायाला उभे केले. “पट्टी कुठं आहे?” तो बिचारा म्हणाला, “साहेब, मी घेतली तवापासून नव्हतीच.” प्रत्येक गुन्हेगार हेच म्हणतो.

आज शहरात बसून ही बाब किरकोळ वाटेल. बोटभर पोलादी पट्टी. जिच्यावाचून रायफल उत्तम चालते. जी १९१६ सालीच अनावश्यक ठरली. पण त्या दिवसांत, त्या जंगलात, सरकारी शस्त्राचा एखादा भाग नाहीसा होणे म्हणजे काय हे सांगायला नको. पट्टी गेली कुठे? कोणाला दिली? आज पट्टी, उद्या बोल्ट? दोन दिवसांत त्या माणसाशी सोबतचे शिपाई बोलेनासे झाले. चौकशी बसली. पगार थांबला. मामी सांगते, त्याची बायको लहान मूल घेऊन लाइनीतल्या घरोघर जाऊन, “माझ्या माणसाने काही इकलं नाही,” असे सांगत होती. कोणी दार उघडे, कोणी उघडत नसे.

मामाजी तेव्हा वयाने लहान आणि हुद्द्याने त्याहून लहान. त्यांना बोलावले ते रायफलीची किंमत ठरवायला, म्हणजे गहाळ भागाची भरपाई किती लावायची ते सांगायला. त्यांनी रायफल टेबलावर घेतली. कडे चिंदीने पुसले. वंगण आणि मळ यांच्या थराखालून आधी मुकुट निघाला, मग इशापूर, मग साल, मग तीन दांड्या, आणि सगळ्यांत शेवटी, घासून घासून जवळजवळ सपाट झालेली, चांदणी. रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला ती चांदणी म्हणजे ठोकताना उडालेला ठिपका वाटली असावी. त्याने ती सोडून दिली होती. इंग्रजी टाइपरायटरवर तिची कळ होती, मराठी वहीत तिला अक्षर नव्हते.

पण साहेब चांदणीने ऐकणारे नव्हते. “म्हणजे काय? ठिपकाच आहे.” मग मामाजींनी बोल्ट काढला आणि यादीतली कट-ऑफ असलेली दुसरी रायफल शेजारी ठेवली. तिच्या धडाच्या उजव्या भिंतीत पट्टी बसण्यासाठी एक लांबट खोबण कापलेली. आरोपीच्या रायफलीची तीच भिंत सलग, गुळगुळीत. मामाजी म्हणाले, “साहेब, जिथं खोबणच नाही, तिथं पट्टी बसणार कुठं?”

साहेबांनी दोन्ही भिंतींवरून बोट फिरवले. मग म्हणे बराच वेळ कोणी बोलले नाही. चौकशी मिटली, पगार मिळाला. रजिस्टरात त्या नोंदीपुढे मामाजींनी स्वतःच्या हाताने निळ्या शाईने चांदणी काढली. क्षमा वगैरे कोणी कोणाची मागितली नाही. खात्यात तशी पद्धत नसते, असे मामाजी म्हणतात. मला मात्र ते ऐकून आजही राग येतो. त्या बाईसाठी जी दारे उघडली नव्हती ती नंतर उघडली असतील, पण तिने आपल्या मनाचे दार उघडले असेल का?

मामाजींना मी विचारले, खोबण आहे पण पट्टी नाही आणि चांदणी मात्र आहे, असे असू शकते का? “शकते ना. आधीची मार्क तीन, मग डेपोत पट्टी काढली अन् वरून चांदणी ठोकली. उलटंही हाये. चांदणी होती, मग पुन्हा पट्टी लावली अन् चांदणी खोडली.” कारण लढाई संपल्यावर शांततेच्या काळात साहेब लोकांना कट-ऑफची पुन्हा आठवण झाली होती! घाई सरली की धास्ती परत येते. ठोकलेली आणि खोडलेली चांदणी यांत शिपायाच्या हातावर किती विश्वास टाकायचा याचा हिशेब मांडलेला आहे, असे मला वाटते. मामाजींना माझे हे वाक्य पटले नाही. ते म्हणाले, “तो हिशेब पाहायचा तं मस्केट पाय.”

मस्केट हा अविश्वासाचा कळस. बाहेरून सारी थ्री-नॉट-थ्री. आत नळी गुळगुळीत, आट्यांचे नाव नाही. तोंड मोठे, चारशे दहाचे. गोळी एका वेळी एकच. मॅगझिनच्या जागी चक्क लाकडाचा ठोकळा! इशापूरने थ्री-नॉट-थ्रीच्या रायफली बदलून या मस्केटा तयार केल्या, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. पहारा तर करावा, पण उद्या याच हातांनी बंदूक फिरवली किंवा ती चोरीला गेली तरी फार बिघडू नये. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा मागच्या पिढीची बंदूक द्यायची हे धोरण आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ते धोरण हातात धरता येते, त्याला लाकडाचा वास येतो, हे पुस्तकात नसते.

आमच्या कॉलेजच्या कोतीत (शस्त्रे ठेवण्याच्या खोलीला फौजी भाषेत कोत म्हणतात) ज्या रायफली आहेत त्यांतली एक १९४२ ची, इशापूरची, चांदणीवाली. तिच्यावर बोट ठेवले की मला आमची धावपट्टी आठवते. दोन्ही एकाच युद्धाची अपत्ये. तेव्हा इंग्लंडात नव्या घडणीची ‘नंबर चार’ रायफल निघत होती. भारतात मात्र इशापूरने जुनीच मार्क तीन चालू ठेवली आणि हातघाईने काढली. तिच्या धडावर कानशीचे ओरखडे तसेच राहिले आहेत. १९१० च्या सुमाराची एखादी रायफल पाहिली तर आरशासारखी घासलेली असते. ही बेचाळीसची पोर अंघोळ न करता शाळेत आल्यासारखी. मला हीच जास्त आवडते. कारागिराचा हात तिच्यावर दिसतो. घामाघूम झालेला, घड्याळाकडे पाहणारा.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा बदल १९६२ च्या चीन युद्धानंतरचा. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस मागे टाकून जग ७.६२ मिलिमीटरकडे वळले होते. इशापूरने जुन्याच घडणीची रायफल अधिक कणखर पोलादात या काडतुसासाठी केली. तिला ‘दोन ए’ म्हणतात. लांबून ओळखू येत नाही. मामाजी नवशिक्याला आधी मॅगझिन दाखवत. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला कडा असतो; कडेवाली काडतुसे एकावर एक रचली की चळत पुढे झुकते, म्हणून तिचे मॅगझिन तिरके. ७.६२ ला बाहेर येणारा कडा नाही, चळत सरळ बसते, म्हणून तिचे मॅगझिन चौकोनी पेटीसारखे. पुढे ‘दोन ए एक’ आली तेव्हा दूरच्या नेमाची पट्टी दोन हजारांवरून आठशेवर आली. १९०७ साली सुरू झालेली ती लांबच्या मैदानाची स्वप्ने इतक्या उशिरा पुरती उतरली.

काडतुसांचे सांगायचे तर त्यांच्या बुडावरही लिहिलेले असते, आणि तिथे मात्र आपण घरी येतो. ‘के. एफ.’ म्हणजे पुण्याजवळची खडकी, जिचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ‘ओ. एफ. व्ही.’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातले वरणगाव. मामाजींच्या घरात देवळीत एक रिकामे पितळी काडतूस आहे, के. एफ. लिहिलेले. मामी त्यात उदबत्ती खोचते.

परदेशात या विषयाचे शौकीन फार आहेत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील म्हातारे एका स्क्रूच्या सालावरून वर्षानुवर्षे वाद घालतात आणि त्यावर जाडजूड पुस्तके लिहितात. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री हे फौजी तोंडाचे हत्यार असल्याने सामान्य माणसाला ते बाळगता येत नाही. परवानेवाल्यांना मिळते ती तीनशे पंधरा, त्याच घराण्यातली, इशापूरचीच. नागझिरा-नवेगावच्या बाजूला १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी ज्यांच्या घरी शिकारीची परंपरा होती त्यांच्याकडे ती दिसे. तेव्हा आपल्याकडे हा शौक म्हणजे आर्मोररची नोकरी, आणि नोकरी संपली की शौकही संपला. मामाजींच्या डोक्यात जेवढे आहे तेवढ्याचे कोणी पुस्तक केले नाही. त्यांच्याजवळ एकही रायफल नाही, एकही फोटो नाही. आणि रायफलीच आता जात आहेत. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढे आपल्या पोलिसांच्या हाती हीच होती, तेव्हा साऱ्या देशाने तिला नावे ठेवली. ती बरोबरच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला. मामाजींनी दूरदर्शनवर ते पाहिले आणि ‘लय झालं’ एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आता त्या कुठं नेतील?” वितळवतील, मी म्हटले. ते काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. एका डोळ्याचे जमले, दुसऱ्याचे जमले नाही. बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. कोतीत फोटो काढायला मनाई आहे. तेव्हा मी एक युक्ती काढली. आमच्या हवालदारसाहेबांची परवानगी घेऊन, नंबराची ओळ वगळून, कड्यावर पातळ कागद धरते आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवते. ताम्रपटाचा ठसा घेतात तसा ठसा उमटतो. हवालदारसाहेब आधी हसत. आता स्वतःच कागद धरतात. घरी आले की तो ठसा मी वहीच्या पानावर काळ्या शाईने चौपट मोठा करून काढते आणि मामाजी तो भिंगाखाली धरून वाचतात. आतापर्यंत सात रायफली झाल्या. तीन इशापूर, तीन इंग्लंडच्या, आणि एकीचा कारखाना उमटत नाही.

गेल्या आठवड्यात आठवीचा ठसा आणला. मुकुट, जी. आर. आय., इशापूर, तीन दांड्या, चांदणी. मामाजींनी कागद खिडकीशी नेला, भिंग मागे-पुढे केले.

“चांदणीवर रेघ हाये,” ते म्हणाले.

मी म्हटले, पेन्सिलीची असेल.

“पेन्सिलीची नाही. छिन्नीची. खोडली हाये चांदणी. म्हणजे हिले पट्टी परत लावली होती. पट्टी हाये का जागेवर?”

नाही, आमच्या एकाही रायफलीला पट्टी नाही.

“पट्टी गेली तं जाऊ दे. खोबण पाय. खोबण असलीच पाहिजे. नसली, तं मंग रेघ ओढणाऱ्यानं खोटी ओढली.” आणि थोडे थांबून, “मले सांगजो लवकर.”

परेड रविवारी आहे. बोल्ट मागे ओढून उजव्या भिंतीवरून बोट फिरवायचे आहे.